रात्री किती वेळा उठता, काकाजी?

बुधवार म्हणजे आमच्या गावचा बाजार. घाटंजी तालुक्यातल्या या गावात मी एकोणीस वर्षांपासून मेडिकल चालवते. डी. फार्म. मी केलेलं, लायसन माझ्या नावावर, नवरा वावर पाहतो. तरी बाजाराच्या दिवशी बाहेरगावचा माणूस आला की माझ्या खांद्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "भाऊ नाही का?" पुरुषांना काही गोष्टी भाऊलाच सांगायच्या असतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं.

नोव्हेंबर २०२५ची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती, पहाटे गारवा, दुपारी चटका, आणि घरोघरी नाकं गळत होती. साडेअकराच्या सुमारास एक काकाजी, त्यांची बायको आणि मुलगा असे तिघं दुकानावर आले. माणूस ओळखीचा. सत्तरीकडे झुकलेला, काटक, पोळ्याला बैल सजवण्यात गावात पहिला. मी स्टूल पुढे केला. बसले नाहीत. शटरच्या खांबाला धरून, कमरेत वाकून उभे राहिले.

"काय झालं काकाजी?"

"काई नाई, ग्यास झाला." नजर रस्त्याकडे.

काउंटरवर चार बाया उभ्या होत्या. मुलानं त्यांच्या मधून वाट काढली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, ते लघवी सुटाची गोळी राह्यते ना, ते द्या एक. मुतखडा असन."

तेवढ्यात काकूंनी दोघांनाही बाजूला सारलं. "ग्यास नाई अन् खडा नाई. काल दिवस बुडाल्यापासून थेंब नाई वो ताई! बसते, कन्हते, उठून येते. पोट पाहा कसं झालं!" आणि भर बाजारात त्यांनी नवऱ्याचा सदरा वर केला. बेंबीखाली पालथी घागर ठेवावी तसा उंचवटा होता. काकाजींनी डोळे मिटून घेतले. दुखण्यानं की लाजेनं, मला कळलं नाही.

रात्रभर घरी काय चाललं होतं ते मग कळलं. धन्याचं पाणी झालं, मक्याच्या कणसाच्या केसांचा काढा झाला, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून सकाळपासून तांब्यावर तांबे पाणी. आणि आता मुलाला लघवी सुटायची गोळी हवी होती. ती गोळी मूत्रपिंडाकडून आणखी लघवी तयार करवते. पण इथे लघवी तयार होत नव्हती असं नाहीच, ती तयार होऊन पिशवीत तुंबली होती. बांध फुटायला आलेल्या वावरात वरून मोटार सुरू करण्यासारखं ते. ती गोळी मी दिली नाही, एवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं.

सवयीनं विचारलं, "एवढ्यात नवीन काही औषध घेतलं का?"

"तुमीच देल्ली ना वो ताई, सर्दीची," काकू म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. दूध घातलं की नाही चहात, असं विचारल्यावर उत्तर द्यावं तसं.

आठवलं. रविवारी संध्याकाळी हाच मुलगा मोटारसायकल चालू ठेवूनच म्हणाला होता, "बुढ्याले सर्दीची गोळी द्या एक पत्ता." मी विचारलं होतं, बीपी आहे का? "नाई जी, ठणठणीत हाये." मी पत्ता दिला, दिवसातून दोनदा असं सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दहा सेकंदांचा व्यवहार.

काकूंजवळ प्लास्टिकची पिशवी होती, त्यात सगळी औषधं. मी ती काउंटरवर रिकामी केली. माझा पत्ता, त्यातल्या बऱ्याच गोळ्या संपलेल्या. किराणा दुकानातून आणलेल्या तापाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल ६५०च्या. आणि खोकल्याच्या सिरपची अर्धी बाटली.

"हे कोणाचं?"

"नातवाचं. ते छिंदवाड्याचं टीव्हीवर आलं ना, तवापासून सुनेनं पोट्ट्याले देणं बंद केलं. फेकाले जीव नाई झाला. मंग यायनंच संपवलं थोडंथोडं."

मध्य प्रदेशातलं छिंदवाडा आमच्यापासून फार लांब नाही. तिथली किती तरी लेकरं शेवटी नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती. खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, किडन्या गेल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका, आणि पाचच्या खालीही साधारणपणे नको. त्या आठवड्यात माझ्या दुकानात आया अर्ध्या-अर्ध्या बाटल्या घेऊन यायच्या, "हे चांगलं हाये का पाहा." मी प्रत्येकीला सांगायची, लेकराला देऊ नका. म्हाताऱ्याला देऊ नका, असं सांगायचं मला सुचलं नव्हतं.

१०८ला फोन लावला, गाडी दुसऱ्या फेरीवर होती, वेळ लागेल म्हणाले. समोर काळीपिवळी सवाऱ्यांची वाट पाहत होती. ड्रायव्हर माझ्याकडूनच औषधं नेतो. (त्याला सर्दी झाली की झोप आणणारी गोळी मी देत नाही. सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामिननं डुलकी येते आणि त्याच्या मागे चौदा माणसं बसलेली असतात.) त्यानं सवाऱ्या उतरवल्या. मी नवऱ्याला फोन करून दुकानावर बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि गाडीत बसले. फार्मासिस्टनं असं जायचं नसतं वगैरे मला माहीत आहे. बसले.

प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर. वाटेत किती गतिरोधक आहेत ते त्या दिवशी मोजले, अकरा. प्रत्येकावर काकाजींच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो बाळंतपणाच्या खोलीबाहेर ऐकल्यासारखा होता. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "आलं, आलं, दवाखाना आलं."

डॉक्टर तरुण, नुकताच एमबीबीएस होऊन बंधपत्रावर आलेला. पोटावर हात ठेवला, दोन प्रश्न विचारले, आणि नळी घालायची तयारी केली. मी व्हरांड्यात थांबले. आतून आधी ओरडणं, मग एक लांब सुस्कारा, आणि मग इतकी शांतता की मला भीती वाटली. ब्रदर बाहेर येऊन म्हणाले, "साडेनऊशे मिली." आपल्या पिशवीत तीनशे-चारशे मिली जमलं की जायची चांगलीच घाई होते. हे त्याच्या दुपटीहून जास्त.

मी आत गेले तेव्हा काकाजींनी घाईनं चादर छातीपर्यंत ओढली. सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमी कायले आल्या वो? बाजार हाये ना आज. दुकान?"

डॉक्टर केसपेपर लिहीत होता. लिहिता लिहिताच, वर न पाहता त्यानं विचारलं, "बाबा, रात्री किती वेळा उठता?"

"पाच-सहा डाव," काकाजी म्हणाले. पटकन. मी समोर उभी असताना.

"दोन वर्सं झाले," काकूंनी पुस्ती जोडली. "अन् गेले का अर्धा अर्धा घंटा येत नाई."

दोन वर्षं. धार बारीक, वेळ लागतो, रात्रीतून पाच-सहा फेऱ्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांच्या लेखी ते म्हातारपण होतं. मुलानं मला "ठणठणीत" सांगितलं तेव्हा तो खोटं बोलत नव्हता.

त्या रात्री वही काढून हिशेब केला. माझ्या पत्त्यातल्या एका गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन २, फिनाइलेफ्रिन १०. सर्दी हटेना म्हणून त्यांनी दोनाच्या चार केल्या होत्या. सिरपच्या बाटलीवर दर ५ मिलीत क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम, आणि ते दिवसातून दोनदा झाकणभर, म्हणजे १०-१० मिली. किराणातल्या ६५०च्या दोन. बेरीज केली तर दिवसाला क्लोरफेनिरामिन १६ मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३३०० मिलिग्रॅम. पुस्तकात मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पहिल्याची २४ आणि दुसऱ्याची ४०००. पंचेचाळीस किलोच्या माणसाला ३३०० जास्तच, ते वेगळं. पण कोणी वही तपासली असती तर म्हणाला असता, मर्यादेत आहे. मीही एरवी हेच म्हटलं असतं.

मात्रा नव्हे, माणूस चुकला होता.

पुरुषाच्या लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. उतारवयात ती वाढते आणि नळी दाबते. तरी पिशवीचे स्नायू जोर लावून काम चालवून नेतात, जसं काकाजींचं दोन वर्षं चाललं होतं. क्लोरफेनिरामिन नाक वाळवतं ते ज्या वाटेनं, त्याच वाटेनं पिशवीच्या स्नायूंचा जोर कमी करतं. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, तसंच पिशवीच्या तोंडाचे स्नायूही आवळतं. एकानं मोटारीचं प्रेशर काढून घेतलं, दुसऱ्यानं कॉक बंद केला. शिवाय अमेरिकेत २०२३ साली तज्ज्ञांच्या समितीनं एकमतानं सांगितलं होतं की तोंडानं घेतलेलं फिनाइलेफ्रिन बंद नाक मोकळं करण्यात कामाचंच नाही. म्हणजे माझ्या गोळीतल्या ज्या औषधानं कॉक आवळला, त्यानं नाकाचं तरी भलं केलं का, याचीच शंका.

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. वाक्य पाठ आहे मला, 'वृद्ध पुरुषांत जपून वापरावे.' परीक्षेत लिहून मार्कही घेतले असतील.

मग विचारलं का नाही? खरं सांगायचं तर काउंटरवरचे माझे सगळे प्रश्न किंमत मोजून आलेले आहेत. पावसाळ्यात कोणी नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी येतंय म्हणून आला की मी आधी विचारते, फवारणी केली काय? हा प्रश्न २०१७चा. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. विषानंही नाक-डोळे गळतात, लाळ सुटते, घाम फुटतो, आणि माणूस म्हणतो सर्दी झाली. तापाचं औषध मागणाऱ्या आईला मी विचारते, घरी थेंबाची बाटली आहे की सिरपची? थेंबाच्या औषधात १ मिलीत पॅरासिटामॉल १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपच्या ५ मिलीत १२५. थेंबाचं औषध सिरपच्या मापानं पाजलं की चौपट जातं. हाही प्रश्न एका लेकरामुळे आला, ते लेकरू बरं आहे.

पण म्हाताऱ्या माणसाला "लघवी साफ होते का?" असं विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. एक-दोनदा सुरुवातीच्या वर्षांत विचारलंही होतं. एकानं ऐकलंच नाही असं दाखवलं. दुसरा म्हणाला, "भाऊले पाठवा बाहेर." त्यानंतर सोडून दिलं. बाई आहे, गाव आहे, सासर इथलंच आहे, अशी कारणं मी स्वतःला देत आले. आणि तो चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा केसपेपरवरून मान वर न करता विचारून मोकळा झाला. त्याच्या प्रश्नात लघवी हा शब्दच नव्हता.

काकाजींना सोनोग्राफीसाठी यवतमाळला पाठवलं, प्रोस्टेट वाढलेलंच निघालं. पिशवीचं तोंड सैल करणारी गोळी सुरू झाली, म्हणजे फिनाइलेफ्रिनच्या बरोबर उलट काम करणारी. पाचव्या दिवशी नळी काढली आणि स्वतःहून झाली. ही बातमी काकूंनी मला बाजारात, मिरच्या निवडता निवडता, पुरेशा मोठ्या आवाजात दिली. काकाजी अजून दुकानावर येत नाहीत, गोळ्या न्यायला मुलगा येतो.

मी किराणावाल्याकडेही गेले होते. भांडायला नाही, फक्त सांगायला की तापाची गोळी देताना घरी आणखी कोणती सर्दीची चालू आहे ते विचारत जा. तो म्हणाला, "ताई, तुमीच इचारत नाई तं मी काय इचारू?" यावर मला उत्तर नव्हतं. चहा पिऊन आले.

आता पन्नाशीच्या पुढच्या पुरुषासाठी सर्दीची गोळी मागितली की मी पत्ता हातात धरून ठेवते. मुलगा न्यायला आला असेल तर म्हणते, बापाला फोन लाव. बऱ्याचदा गोळी देतच नाही. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, वाफ, ताप असेल तरच साधं पॅरासिटामॉल. गिऱ्हाईक नाराज होतं, "सर्दीची द्या ना, हे काय देऊन राह्यल्या." एक-दोघं पुढच्या गावच्या मेडिकलला गेले. जाऊ देत.

परवाच्या बुधवारी असेच एक काकाजी आले, धोतर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, नाक लाल. सर्दीची गोळी मागितली. काउंटरवर गर्दी होती, दोन सुना, एक मास्तर. मी पत्ता हातात धरला आणि विचारलं, "काकाजी, रात्री किती वेळा उठता?"

त्यांनी मागे वळून बाजाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "काऊन वो ताई, गावात चोऱ्या होऊन राह्यल्या काय?"