पऱ्हाटीचा धूर

शेतीपंपाची लाइन रात्रीची, म्हणून हरभरा ओलायला पहाटेच वावरात होतो. वारा नावाला नाही. शेजारच्या काकाजींनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग पेटवला. धूर पुरुषभर वर चढला अन् तिथूनच आडवा पसरला, तुरीच्या शेंड्यांवरून. घसा पार खवखवला.

हिवाळ्यात रात्री जमीन निवते, लगतची हवा गार आणि जड होते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. आमच्याकडे एक ढीग. तिकडे चंद्रपूरला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, कोळशाच्या खाणी, ट्रकांची धूळ, सगळं त्याच झाकणाखाली! समुद्र शेकडो किलोमीटर दूर, धूर उडवून न्यायला खारा वारा कुठून येणार?

ऊन चढलं की झाकण सुटतं. मे महिन्यात तर पारा ४५ च्या वर, हवा उंच उसळते, धूर विरतो. मग धुळीचा जाच. खरी धुलाई पावसाचीच.

काकाजींना म्हटलं, "पेटवाचंच असन तर दुपारी पेटवा न जी."
"अन् वाऱ्यानं आग वाळल्या तुरीत शिरली त?"

तेही बरोबरच. पऱ्हाटीची कुट्टी करणाऱ्या मशीनवाल्याला फोन लावलाय. भाडं काय सांगते, पाहू.