श्लेस्विग फ्रेम : निळ्या तिकिटावरचा आकडा

श्लेस्विगच्या सार्वमतावर मी प्रदर्शनासाठी एक फ्रेम जुळवतो आहे; तिच्यातल्या, हाडर्सलेबनहून गेलेल्या एका रजिस्टर्ड कव्हराची (टपालातून गेलेल्या पाकिटाची) तारीख अखेर लागली. शिक्क्यातला महिना आणि वर्ष कोऱ्या कागदावर स्वच्छ उमटले आहेत आणि दिवसाचा पहिला आकडा 1 आहे, इतके आधीच दिसत होते. दुसरा आकडा मात्र नेमका 20 फेनिगच्या गडद निळ्या तिकिटावर पडल्यामुळे काही केल्या वाचता येत नव्हता. श्लेस्विगने जर्मनीत राहावे की डेन्मार्कमध्ये जावे, यावरचे पहिल्या म्हणजे उत्तरेकडील विभागातील सार्वमत मंगळवारी, 10 फेब्रुवारी 1920 रोजी झाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. तो आकडा शून्य असेल तरच हे कव्हर फ्रेमच्या मध्यभागी शोभेल, नाहीतर ते त्या महिन्यातल्या इतर कव्हरांसारखेच एक.

भिंगाने काही साधले नाही आणि यूएसबीवर चालणारा स्वस्त सूक्ष्मदर्शक तर निव्वळ खेळणे निघाला. फोनच्या कॅमेऱ्याबद्दल न बोललेलेच बरे. उपयोगी पडला तो जुना फ्लॅटबेड स्कॅनर. 2400 डीपीआयवर रंगीत स्कॅन करून त्यातला केवळ निळा चॅनेल ठेवला, तेव्हा तिकीट फिके झाले, काळी शाई तशीच राहिली आणि आकड्याचा वरचा भाग गोलाकार असल्याचे स्पष्ट दिसले. म्हणजे 1, 4 आणि 7 बाद झाले. मागील बाजूस कोपनहेगनचा पोहोच-शिक्का 12 तारखेचा असल्याने त्यापुढचे आकडेही गेले. राहिले 10 आणि 12.

येथे बराच काळ अडलो होतो. वाट सापडली ती तारखेशेजारच्या ‘4-5N’ या खुणेत; जर्मन शिक्क्यातील हा N म्हणजे दुपारनंतरची वेळ. दुपारी चार-पाचच्या सुमारास हाडर्सलेबनला टाकलेले पत्र सीमा ओलांडून, फ्रेडेरिसिया–स्ट्रिब आणि न्यूबोर्ग–कोर्सर अशा दोन ठिकाणी फेरीबोटीने पाणी पार करून, त्याच दिवशी कोपनहेगनच्या टपालात शिक्का खाऊन बसणे शक्यच नव्हते. तेव्हा 12 बाद झाला आणि उरला 10. मतदान चालू असलेल्या दुपारचे कव्हर हाती आहे, याचा आनंद मी दोन दिवस मनसोक्त उपभोगला.

एका व्यापाऱ्याने ‘मतदान-दिन’ असे लिहून दुप्पट भावाने विकायला काढलेली कव्हरे पाहिली. बहुतेक संग्राहकांनी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेली, तिकिटांची पूर्ण मालिका ओळीने चिकटवलेली. 25 जानेवारीला निघालेल्या त्या 14 तिकिटांचा संच कोणालाही जमवता येतो. गरजेपुरती तिकिटे लावून खरोखर कामासाठी पाठवलेले पत्र मिळणे अवघड. ‘सी.आय.एस.’ (सार्वमतावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची आद्याक्षरे) अशी अक्षरे वरून छापलेली तिकिटे मी तूर्तास घेणार नाही. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय त्यांत हात घालणे म्हणजे विकतचे दुखणे.

आराखडाही आता बदलतो आहे. आधी फ्रेमचा शेवट 10 जुलैला राजा दहावा ख्रिश्चन पांढऱ्या घोड्यावरून जुनी सीमा ओलांडतो त्या प्रसंगाने आणि ऑक्टोबरात डेन्मार्कने काढलेल्या क्रोनबोर्ग, सोन्नरबोर्ग व रोस्किल्डे या तीन तिकिटांनी करायचा होता. ती पाने सुंदर आहेत, परंतु प्रदेश प्रत्यक्षात कसा हस्तांतरित झाला हे त्यांतून कळत नाही. पहिल्या विभागाची मते एकत्र मोजली गेली; सुमारे 75 टक्के डेन्मार्कच्या बाजूने पडली आणि त्यामुळे आबेन्रो, सोन्नरबोर्ग व टोन्नर या जर्मन बहुमताच्या शहरांनाही डेन्मार्कमध्ये जावे लागले. 14 मार्चला दुसऱ्या विभागात मोजणी गावनिहाय झाली आणि फ्लेन्सबुर्गसह तो विभाग जर्मनीकडे राहिला. मोजणीच्या पद्धतीतला हा फरकच मला फ्रेमचा कणा करावासा वाटतो. त्यासाठी आबेन्रोचे ‘1. ZONE’ छापलेले, ओरे या डॅनिश चलनातल्या किमतीचे तिकीट आणि त्यावर जर्मन नावाचा शिक्का असलेले पाकीट शेजारी लावायचे आहे; 20 मे रोजी चलन बदलल्यानंतरच्या आठवड्यांतले असावे.

हे लिहितानाच आठवले की, दुसऱ्या विभागातही फ्योर बेटावरील तीन लहान गावांनी डेन्मार्कला बहुमत दिले होते. सीमेला लागून नसल्यामुळे ती जर्मनीतच राहिली. त्या बेटावरील विक या टपाल कार्यालयाचे मार्च 1920 मधले साधे पोस्टकार्ड मिळाले, तरी राजाचे एक पान मी आनंदाने काढून टाकीन. कोणाच्या जादा प्रतींत असे काही असेल, तर बदल्यात फ्लेन्सबुर्गचे दोन चांगले तुकडे देऊ शकतो.