इतेनची सेंट पॅट्रिक्स : धावपटू घडवणारी शाळा आणि तिथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं

केनियाला जाऊन मसाई मारा पाहिलं नाही म्हटलं की लोक चमकतात. आम्ही गेलो होतो इतेनला. साताऱ्यात आमचा पहाटे पळणाऱ्यांचा गट आहे, त्यातले काही जण आणि बरोबर एका आश्रमशाळेत खेळ शिकवणारे आमचे सर. सरांच्या मनात बरीच वर्षं एक शाळा बसली होती : सेंट पॅट्रिक्स हायस्कूल. मुलांची निवासी शाळा, कॅथलिक धर्मबंधूंनी काढलेली, आणि मध्यम पल्ल्याच्या धावण्यात तिच्या तोडीची दुसरी शाळा जगात सापडणं कठीण. सरांच्या हट्टामुळेच हा प्रवास झाला, आणि झाला ते फार बरं झालं.

इतेन हे एल्डोरेट शहरापासून साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवरचं छोटं गाव. उंची सुमारे २४०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे, त्यावरून कल्पना करा. गावाच्या एका अंगाला जमीन एकदम तुटते आणि खाली केरिओ दरी पसरते. गावात शिरताना रस्त्यावर कमान लागते, 'विजेत्यांचं घर' असं लिहिलेली. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला.

शाळेचा इतिहास सांगायचा तर आधी आयर्लंडला जावं लागतं. १८०८ साली कार्लो परगण्यातल्या टलो गावी बिशप डॅनियल डेलनी यांनी पॅट्रिशियन ब्रदर्स हा संघ स्थापन केला. काम मुख्यतः शिक्षणाचं. भारतातही त्यांच्या जुन्या शाळा आहेत, चेन्नईत अड्यारला आणि मसुरीला. केनियात ते आले ते देश स्वतंत्र होण्याच्या थोडं आधी. केनियाला स्वातंत्र्य मिळालं १९६३च्या डिसेंबरात, आणि साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला इतेनची ही शाळा उभी राहिली. डोंगरावरच्या आणि दरीतल्या कालेनजिन जमातीच्या पोरांना दहावी-बारावीपर्यंत शिकता यावं, एवढाच हेतू. धावपटू तयार करायचे असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

पण धावणं आलंच. शाळेचा माईक बोइट १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरला कांस्यपदक घेऊन आला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट एका आयरिश माणसाभोवती फिरते आणि वाचणाऱ्याला वाटतं की त्यानेच शून्यातून सगळं उभं केलं. तसं नाही. शाळेत धावण्याची हवा आधीपासून होती. पीटर फॉस्टर नावाचा तरुण इंग्रज शिक्षक तिथे मुलांना पळवत होता. हा ब्रेंडन फॉस्टरचा भाऊ, म्हणजे १९७६च्या माँट्रिऑलला १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेणाऱ्याचा. त्या माँट्रिऑलवर केनियाने बहिष्कार टाकला होता आणि बोइटची ऐन उमेदीतली संधी गेली होती.

त्याच १९७६ साली ब्रदर कोल्म ओकॉनेल भूगोल शिकवायला इतेनला आले. ॲथलेटिक्सचा अनुभव काहीच नाही. फॉस्टरला मदत करता करता ते शिकले आणि फॉस्टर मायदेशी परतल्यावर ती जबाबदारी त्यांच्यावर पडली. पुढे ते शाळेचे मुख्याध्यापकही झाले. मुलं पळताना बघायची, त्यांनाच विचारायचं, आणि त्यातून शिकायचं, ही त्यांची पद्धत. हे ते स्वतः मुलाखतींमध्ये सांगत आले आहेत. आमच्या सरांना सगळ्यात जास्त भिडलं ते हेच. आपल्याकडे खेळाच्या शिक्षकाने 'मला येत नाही, पोरांकडून शिकतो' म्हणायचं म्हणजे त्याची नोकरीच जायची.

मग फळं दिसू लागली. इब्राहिम हुसेन १९८७ साली न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकला. ती जिंकणारा तो पहिला आफ्रिकी. पुढे बॉस्टन त्याने तीनदा जिंकली, १९८८, १९९१ आणि १९९२. त्यातली १९८८ची तर एका सेकंदाने, टांझानियाच्या जुमा इकांगाला मागे टाकून. त्याच वर्षी सोलमध्ये एकवीस वर्षांच्या पीटर रोनोने १५०० मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. १९९२ला बार्सिलोनात मॅथ्यू बिरिर ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, जिंकला आणि तिन्ही पदकं केनियाला गेली. आणि विल्सन किपकेटर. तो पुढे डेन्मार्ककडून धावला, १९९५, १९९७ आणि १९९९ असा तीनदा ८०० मीटरचा जगज्जेता झाला, आणि १९९७च्या ऑगस्टमध्ये कोलोनला १ मिनिट ४१.११ सेकंद असा विक्रम केला.

तो विक्रम तेरा वर्षं टिकला. २०१०ला डेव्हिड रुडिशाने मोडला, आणि मग २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिल्यापासून पुढे राहून १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावला. रुडिशा सेंट पॅट्रिक्सचा विद्यार्थी नव्हता, तो इतेनमधल्याच किमुरॉन शाळेत होता, पण प्रशिक्षक ब्रदर कोल्मच. म्हणजे १९९७पासून हे लिहीपर्यंत ८०० मीटरचा विश्वविक्रम एकाच शिक्षकाच्या हाताखालून गेलेल्या दोघांकडे आहे. सरांनी हे शाळेच्या फाटकाशी उभं राहून आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो.

आत काय आहे? भव्य काही नाही. वर्गखोल्या, वसतिगृहं, मैदान, तांबडी माती. ज्यासाठी जावं ती झाडं. शाळेतून गेलेल्या विजेत्यांच्या नावाने आवारात झाडं लावली आहेत आणि झाडापाशी नावाची पाटी. काही चांगली डेरेदार झाली आहेत, काही अजून कोवळी. पाट्यांवर मातीचे शिंतोडे उडालेले. एका पाटीवरचा चिखल सरांनी रुमालाने पुसला, नाव वाचलं आणि पुढच्या झाडाकडे गेले. अशी त्यांनी सगळी वाचली. आमच्याबरोबर आलेला शाळेतला मुलगा प्रत्येक नावापाशी थांबून त्याची स्पर्धा सांगत होता, न चुकता. जवळून पळत जाणाऱ्या मुलांचं मात्र त्या झाडांकडे लक्ष नव्हतं. त्यांना जेवणाची घंटा गाठायची होती.

तिथेच मला माझा प्रश्न सुचला. केनियाची पोरं का पळतात, याचं आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे : ती रोज मैलोन्‌मैल पळत शाळेत जातात. मी सरांना तेच म्हटलं. सर म्हणाले, "अहो, ही निवासी शाळा आहे. इथली पोरं शाळेतच झोपतात. पळत येतील कुठून?"

मला वाटतं या शाळेच्या इतिहासाचं मर्म त्यात आहे. लहानपणी डोंगरात चालणं-पळणं झालेलं असतं, उंचीची सवय असते, हे खरंच. पण तसली पोरं त्या सबंध पठारावर हजारोंनी आहेत. शाळेने त्यावर जे घातलं ते फार साधं होतं : दोन वेळचं ठरलेलं जेवण, ठरलेली झोप, बरोबरीची पोरं, वर्षभराचं आंतरशालेय स्पर्धांचं वेळापत्रक, आणि कुठेही न जाणारा एक शिक्षक. घरी असता तर याच मुलाला गुरं वळायला नाहीतर पाणी आणायला जावं लागलं असतं. वसतिगृहामुळे त्याला दुपारची विश्रांती मिळाली. ॲथलेटिक्समध्ये विश्रांतीला केवढी किंमत आहे ते पळणाऱ्याला विचारा. आमचे सर आश्रमशाळेत शिकवतात, तिथली पोरंही अशीच काटक, आणि वसतिगृहही आहे. धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातून आला, कविता राऊत नाशिकच्या आदिवासी भागातून. पोरं आपल्याकडे आहेत. वीस-तीस वर्षं एकाच मैदानावर टिकलेले शिक्षक किती आहेत, ते मोजावं लागेल.

साबळेचं नाव तिथे चालतं, बरं का. एका चहाच्या टपरीवर आम्ही भारतातले म्हटल्यावर एक तरुण धावपटू लगेच बोलला, "साबळे, बर्मिंगहॅम." २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये रौप्य घेऊन गेला, केनियाच्या किबिवोटपेक्षा फक्त ०.०५ सेकंदाने मागे. १९९८पासून राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाचीच असायची. त्या मुलाला ते लागलं होतं, पण त्याने आमच्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

शाळा मुलांची असली तरी इथली गोष्ट फक्त मुलांची नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रदर कोल्म सुट्टीत शिबिरं घेऊ लागले आणि त्यात मुलींनाही घेतलं. दोनदा मॅरेथॉनची जगज्जेती झालेली एडना किप्लागट आणि २००७ची ८०० मीटरची जगज्जेती जेनेथ जेपकोसगेइ या दोघी त्यांच्या हाताखालून गेल्या. शिबिरात लहान मुलांना दमवत नाहीत. हलकं पळणं, गवतावर तालात उड्या आणि पावलांचे व्यायाम, शरीर सैल कसं ठेवायचं ते. आपल्याकडे चौदा वर्षांच्या पोराला रोज घड्याळ लावून फेऱ्या मारायला लावणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

आणि गावाची दुसरी बाजूही बघावी. ऑक्टोबर २०२१मध्ये ॲग्नेस टिरोप ही पंचवीस वर्षांची धावपटू इतेनमधल्या तिच्या घरी भोसकून मारलेली सापडली. त्याच्या महिनाभर आधी तिने फक्त महिलांच्या १० किलोमीटर शर्यतीचा विश्वविक्रम केला होता. तिच्या नावाने आता एक संस्था हिंसाचार सोसणाऱ्या मुलींसाठी काम करते. गेल्या काही वर्षांत उत्तेजकांमुळे बंदी आलेल्या केनियन धावपटूंची यादीही लांबच लांब आहे. पैसा आला की त्यामागून काय काय येतं, हे इथे लोक उघड बोलतात.

आता जाणाऱ्यांसाठी.

मुंबई–नैरोबी थेट विमान आहे. व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो, तो आठवडाभर आधीच काढून ठेवा. नैरोबीहून एल्डोरेटला विमानाने तासाभरात पोचता येतं. बसने नाकुरूमार्गे सबंध दिवस जातो, पण रिफ्ट व्हॅलीचा उतार दिसतो, म्हणून जाताना बस आणि येताना विमान घ्या. एल्डोरेटहून इतेनला मटाटू मिळते, आपली वडापच. भरल्याशिवाय सुटत नाही, मोठी बॅग असेल तर एक सीट जास्तीची घेतलेली बरी.

पासपोर्ट दाखवून स्थानिक सिमकार्ड घ्या आणि त्यावर एम-पेसा सुरू करा. भाजीवालीपासून मोटरसायकलवाल्यापर्यंत सगळे फोनवरच पैसे घेतात. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, तो इथूनच न्या.

शाकाहारींची आबाळ होत नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी, नाहीतर राजम्यासारख्या घेवड्याची उसळ. चपाती जागोजागी मिळते, जाडसर आणि तेलावर भाजलेली. चहा दुधात उकळून, साखर भरपूर. मुर्सिक हे भोपळ्यात लावलेलं आंबट दूध, आत कोळशाची पूड असते म्हणून करडं दिसतं. पोट सांभाळून घ्या, पण घ्या.

पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी हवी. दुपारी ऊन चटका देतं. मार्च ते मे पाऊस असतो आणि मातीच्या रस्त्यांचा चिखल होतो, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पळणारे असाल तर पहिले काही दिवस नुसतं चाला आणि हलकं पळा. साताऱ्याच्या घाटात पळलेले आमचे गडी तिथे पहिल्या चढालाच तोंडाने श्वास घेत होते. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला गावाबाहेर फार्टलेक, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हलकं पळण्याचा सराव, असतो : शेकडो धावपटू जमतात, एक जण मोठ्याने मिनिटं सांगतो, आणि मग सगळ्यांची घड्याळं एकदम वाजतात. पाहुण्यांना मज्जाव नाही, मात्र मागे राहून सुरू करा. गावात कुणी ताकदीची गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं तर हात जोडा आणि चालू लागा.

शाळेत थेट शिरू नका. ती चालू शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. फाटकावर नाव नोंदवा, कार्यालयात विचारा, वर्ग सुटल्यानंतरची वेळ मागा, मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. शिबिरं बघायची असतील तर शाळेच्या सुट्ट्या बघून जा, म्हणजे एप्रिल, ऑगस्ट किंवा डिसेंबर. रविवारी सकाळी बहुतेक जण चर्चला जातात, पळणंही बंद असतं. त्या दिवशी केरिओ दरीच्या कड्यावर जाऊन बसा. भेट द्यायची असेल तर जुने पण चांगले पळायचे बूट न्या, आणि ते एखाद्या मुलाच्या हातात न देता शाळेकडेच सोपवा. भेटल्यावर 'चामगेइ' म्हणा, म्हणजे कालेनजिन भाषेतला नमस्कार, समोरचा खूश होतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं : पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना तिचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिथे तारखा लवकर भरतात. तिकीट काढलं त्याच दिवशी लसीची वेळ घ्या आणि कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा.