प्रेषिताचा सण : जुन्या वेदीसेवकांची टिपणे

स्मरणिकेत गुरुजनांच्या आणि वर्गमित्रांच्या आठवणी इतर जण लिहितीलच. आम्हा वेदीसेवकांना, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) फादरांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलांना, शाळेने पक्की शिकवलेली एक गोष्ट म्हणजे प्रेषिताच्या, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या प्रचारकांपैकी एकाच्या, सणाची तयारी. हल्लीच्या मुलांच्या उपयोगी पडावी म्हणून तीच इथे मांडतो.

तयारीची सुरुवात फुलांपासून करू नका, ऑर्डोपासून, म्हणजे चर्चच्या वार्षिक उपासना-दिनदर्शिकेपासून, करा. प्रेषितांचे सण बहुतेक 'सण' या दर्जाचे असतात. त्यात ग्लोरिया (स्तुतिगीत) असतो, शुभवर्तमानाआधी एकच वाचन आणि स्तोत्र असते, मतांगीकार (श्रद्धेची कबुली) नसतो. पेत्र आणि पौल यांचा २९ जूनचा दिवस मात्र सोहळा, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा. त्याला दोन वाचने, मतांगीकार आणि आदल्या संध्याकाळची स्वतंत्र जागरण मिस्साही असते. बर्णबालाही प्रेषित म्हणतात, पण ११ जूनला त्याचा नुसता स्मरणदिन, म्हणजे सणाखालचा दर्जा, असतो. ग्लोरिया नाही. गायकवृंद इथे हमखास फसतो आणि फादर 'आपण प्रार्थना करू या' म्हणायच्या बेतात असताना पेटीवर ग्लोरियाचे सूर सुरू होतात.

ज्या चर्चला त्या प्रेषिताचे नाव आहे, तिथे त्याचा सण सोहळा होतो. रविवारी याचा फरक कळतो. २०२५ मध्ये ३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा (नाताळपूर्व तयारीच्या काळाचा) पहिला रविवार आला, त्यामुळे सर्वसाधारण दिनदर्शिकेत संत अंद्रियाचा सण त्या वर्षी गळाला. अंद्रियाच्या नावाच्या चर्चमध्ये मात्र सोहळा बुडत नाही, तो सोमवारी, १ डिसेंबरला सरकतो. २०२६ मध्ये तर ३ मे रविवारी, म्हणजे फिलिप-याकोबांची तारीख अडकते, आणि जिथे येशूचे स्वर्गारोहण गुरुवारीच पाळतात तिथे १४ मेची मत्थियाची तारीखही अडकते. पत्रिका छापायला टाकण्याआधी हे पाहिलेले बरे. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सणाच्या आदल्या दिवशी संपते, सणाच्या दिवशी नाही. ३० नोव्हेंबरचा सण असेल तर सुरुवात २१ नोव्हेंबरला. एका दिवसाची ही चूक दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे होतेच.

पुरोहिताच्या झग्याचा रंग लाल, कारण प्रेषितांनी रक्त सांडले. योहानाला, २७ डिसेंबरला, पांढरा, कारण परंपरेनुसार तो हुतात्मा झाला नाही. पौलाच्या परिवर्तनाचा सण (२५ जानेवारी) आणि पेत्राच्या आसनाचा सण (२२ फेब्रुवारी) हेही पांढरेच. हा शेवटचा सण पुष्कळदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात येतो. तेव्हा ग्लोरिया म्हणायचा, पण आलेलुया नाही. वेदीभोवती फुले चालतात. कपाटातून झगा काढताना नाव नव्हे, तारीख बघा.

फादरांसाठी पुस्तकात फिती लावणे हे आमचे काम. प्रेषितांचे प्रीफेस (मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेची प्रस्तावना) दोन आहेत. पहिला प्रेषितांविषयी कळपाचे मेंढपाळ म्हणून बोलतो, दुसरा चर्चचा पाया म्हणून. मुख्य, म्हणजे ख्रिस्तप्रसाद प्रार्थनांपैकी पहिली या दिवशी विशेष शोभते, कारण तिच्यात प्रेषितांची नावे येतात. मत्थियाचे नाव मात्र पहिल्या यादीत शोधू नका. ते पुढच्या यादीत बर्णबाच्या शेजारी आहे.

धूपपात्राला वेळ द्यावा लागतो. मिस्सेच्या पंधरा मिनिटे आधी कोळशाची वडी चिमट्यात धरून कडेने पेटवा. ठिणग्या सरसर पलीकडे गेल्या म्हणजे ती पेटली असे मुलांना वाटते आणि ती लगेच आत टाकली जाते. तिथेच घात होतो. वडीवर राखाडी थर येईपर्यंत थांबायचे. काळ्या वडीवर धूप टाकला तर तो नुसता वितळतो, धूर होत नाही. दमट वडी तर पेटतच नाही, म्हणून डबा घट्ट लावून ठेवायचा. पात्राच्या तळाशी वाळूचा पातळ थर द्या, नाहीतर भांडे तापून साखळी हातात धरवत नाही. धूप एका वेळी चमचाभरच. ढीग टाकला की निखारा गुदमरतो. उभे असताना पात्र हलकेच झुलवत राहा, हवा लागली नाही तर ऐन शुभवर्तमानाच्या वेळी ते विझते.

क्रूस, शुभवर्तमानाचे पुस्तक, अर्पणे, पुरोहित आणि भाविक यांना तीन झोके. संताच्या पुतळ्याला दोनच, आणि तेही सुरुवातीला, वेदीला धूप दिल्यावर, एकदाच. पुतळा आपल्या आश्रयदात्याचा म्हणून उत्साहाने तीन झोके देणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. मिरवणुकीत धूपपात्र पुढे, मग दोन मेणबत्त्यांच्या मध्ये क्रूस, मग सेवक, शुभवर्तमानाचे पुस्तक धरलेला वाचक, शेवटी पुरोहित. उंच धरून आणायचे ते शुभवर्तमानाचे पुस्तक, वाचनांचे नव्हे. वेदीवर मेणबत्त्या दोन, चार किंवा सहा. सातवी ठेवायची ती आपल्या धर्मप्रांताचे बिशप मिस्सा अर्पण करणार असतील तरच.

प्रेषितांच्या खुणा घेऊन मुले चालणार असतील, तर दोन याकोबांची गल्लत टाळा. शिंपला आणि काठी जब्दीच्या मुलाची, २५ जुलैची. ३ मेचा याकोब अल्फीचा मुलगा, त्याच्या हाती सोटा. अंद्रियाचा क्रूस तिरपा, बर्थलमयाची सुरी, मत्तयाची थैली, थोमाची काटकोनी पट्टी. पुठ्ठ्याच्या खुणा हातभर लांब ठेवा. छोट्या केल्या तर मागच्या बाकांवरून काही दिसत नाही.

मिस्सा संपल्यावर निखारे वाळूच्या बादलीत टाका, कचऱ्याच्या डब्यात नाही. वरून राख झालेली वडी आतून बराच वेळ धगधगत असते. लाल झग्यावर मेण सांडले असेल तर ते आधी घट्ट होऊ द्या, नखाने खरवडा, मग कागद ठेवून इस्त्री फिरवा. वाचनांच्या पुस्तकातली फीत सणावरून काढून चालू आठवड्याच्या पानावर लावा. सणामुळे साप्ताहिक वाचनाचा एक भाग सुटलेला असतो. तो दुसऱ्या दिवशीच्या वाचनाला जोडायचा की सोडायचा, हे फादर ठरवतात. वाचकाला ते रात्रीच विचारून ठेवायला सांगा.