तुम्ही विचारलंत म्हणून : पद्मदुर्गच कशाला?

सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट दाराशी असताना मी मुरूडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गाविषयीच का बोलतो, आणि जो उभारूनही समोरचा सिद्दीचा जंजिरा किल्ला हाती आला नाही त्या किल्ल्याचे एवढे कौतुक कशाला, हे दोन प्रश्न सोलापुरात मला इतक्यांदा विचारले गेले आहेत की आता एकदाच लिहून उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचा मला राग येतो. समुद्राचा इतिहास किनाऱ्यावर जन्मलेल्यानेच सांगावा असा नियम कुठे आहे? दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी अडखळतो, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतःच भर व्याख्यानात पद्मदुर्गाला ‘फसलेला डाव’ म्हटले होते.

त्या संध्याकाळी मी शिवाजी महाराजांचे प्रभावळीचे सुभेदार जीवाजी विनायक यांना जानेवारी १६७५ मध्ये गेलेले खरमरीत पत्र वाचून दाखवले. खरे तर त्यातले ‘ब्राह्मण म्हणून कोण मुलाहिजा करू पाहतो’ एवढेच वाक्य, कारण त्यावर टाळ्या पडतात हे मला ठाऊक होते. टाळ्या पडल्याही. मग मागच्या रांगेतले एक निवृत्त हवालदार उठले आणि म्हणाले, “सर, त्या बेटावरच्या माणसांना पाणी कोण पोचवत होतं?” हा तपशील आजच्या विषयात येत नाही, असे मी सांगितले. “बर्फातल्या चौकीवर आम्ही रसदीची वाट बघितलीय, म्हणून विचारलं,” एवढे बोलून ते खाली बसले, आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. ते वळणे मला आजही टोचते.

घरी येऊन पत्र पहिल्या ओळीपासून वाचले. अख्खे पत्र त्याच प्रश्नाविषयी होते. दर्यासारंग आणि दौलतखान यांच्या आरमारासाठी नेमून दिलेला पैसा आणि गल्ला, म्हणजे धान्य, या सुभेदाराने पोचवला नव्हता. राजपुरीच्या, म्हणजे जंजिऱ्याच्या, उरावर पद्मदुर्ग ही दुसरी राजपुरी वसवली असताना तिला पाणी आणि फाटी (सरपण) मिळू नयेत, म्हणजे हबशाने, अर्थात सिद्दीने, काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले की काय, असे महाराज त्यात विचारतात. ज्या वाक्यावर मी टाळ्या घेत आलो, ते या उपासमारीच्या धास्तीतून आलेले होते. समोर जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे तलाव, आणि इकडे पद्मदुर्गाच्या कासा खडकावर सरपणसुद्धा किनाऱ्यावरून होडीने आणायचे, तेही सिद्दीच्या डोळ्यांदेखत.

पुढच्या हिवाळ्यात मी तिथे गेलो. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत आणि त्यांना सांधणारा चुना मात्र बाहेर उभा आहे. त्यावर हात ठेवला तेव्हा लक्षात आले, की हा चुना मळायलाही पाणी लागले असणार.

तरीही तुमचा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. महाराजांच्या बाजूच्या लाय पाटील या कोळी सरदाराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण पेशवे मोरोपंतांची माणसे वेळेवर पोचली नाहीत. जंजिरा राहिला तो राहिलाच, आणि पुढे पद्मदुर्गही सिद्दीकडे गेला. ‘फसलेला डाव’ हे शब्द मी मागे घेतलेले नाहीत. फक्त ते उच्चारण्याआधी आता मी ते पत्र पाण्यापासून आणि फाट्यांपासून वाचतो.