बारखालचा हात

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण ग्रुपवर आलं आणि मला शाळेतलं दुसरं काहीच आठवेना, फक्त पीटीचे सर आणि कडुनिंबाखालचा तो डबल बार, म्हणजे शेजारी शेजारी दोन समांतर दांड्यांचा पॅरलल बार. सरांचं नाव लिहीत नाही, कोणाला सांगायची गरज आहे!

सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तयार झालेले. पॅरलल बार निघाला जर्मनीतून, यान नावाच्या माणसाच्या आखाड्यातून, आणि १९३६ ला मंडळाचे लोक बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, म्हणून सर म्हणायचे, "हिशोब बरोबर झाला." स्पर्धेतला बार ३.५ मीटर लांब अन् जमिनीपासून २ मीटर उंच असतो, आपला लांबीला तेवढाच पण छातीएवढा, कारण खाली मॅट कुठली, कुटार भरलेली पोती.

आठवीत असताना एक दिवस मी बारवर झोके घेत होतो आणि मला धरायला उभ्या असलेल्या मित्राने बारच्या वरून हात घालून माझा दंड पकडला. सर व्हरांड्यातून ओरडत आले, "अबे, वरून काऊन हात घातला? तो खाली आला त तुया हात मोडते ना बे!" मग त्या दिवशी कोणीच बारवर चढलं नाही. धरणाऱ्याचा हात बारच्या खालूनच यायला पाहिजे, हे सरांनी एकेकाकडून अंधार पडेपर्यंत करून घेतलं, मुख्याध्यापक सर घरी जाताना थांबून बघत होते. बाकी शाळांचे पोट्टे मेडल आणायचे, आमच्याकडे कोणाचा हात मोडला नाही, मला हेच मोठं वाटतं.

आता मी पुण्यात नोकरीला आहे, मुलगी जिम्नॅस्टिक्सला जाते, फोमच्या मॅट, एसी हॉल, फी विचारू नका. मुलींना पॅरलल बार नसतो, त्यांचे दोन बार वरखाली उंचीचे, त्यामुळे घरी माझं ज्ञान काही कामाचं नाही. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या झोऊ जिंगयुआनला पॅरलल बारवर १६.२०० गुण मिळाले तेव्हा तिला उठवून दाखवलं, ती म्हणे बाबा झोपू द्या.

मागच्या दिवाळीत शाळेत गेलो तर बार सायकल स्टँडमागे पडलेला आणि मैदानात ते रंगीत ओपन जिम, त्यावर बायाबापे गप्पा मारत बसलेले. बारची एक दांडी तडकली आहे, ती बदलून घ्या, सुताराचे पैसे आणि दोन मॅट माझ्याकडून, फक्त पोट्ट्यांना बारवर चढवायच्या आधी धरायला शिकवा.