एक्सटीला नवं काळीज

आज सॅन होजेत मित्राच्या गॅरेजमध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी हा जुना संगणक उघडला. 4.77 मेगाहर्ट्झचा 8088 प्रोसेसर पाय न वाकवता हळूच सॉकेटमधून काढला आणि तिथे इंटेलच्या इनबोर्ड 386 या वेग वाढवणाऱ्या कार्डाची केबल बसवली. 1987 चं कार्ड! त्यावर 16 मेगाहर्ट्झचा 80386 (म्हणजेच 386) प्रोसेसर आणि स्वतःची 1 एमबी मेमरी. ही मेमरीच मला सगळ्यात हुशारीची वाटते, कारण एक्सटीचे स्लॉट 8 बिटांचेच, म्हणजे एका वेळी 8 बिटच डेटा नेणारे; तिथून डेटा ओढत बसला असता तर 386 चा बराच वेळ वाट पाहण्यातच गेला असता.

लोटस या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधल्या मोठ्या शीटची आकडेमोड पापणी लवेपर्यंत संपली. अंगावर काटा आला.

बाबा अशाच एक्सटीवर पगारपत्रकं करायचे. पुण्यात उजाडताच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. म्हणाले, "की-बोर्डचा आवाज परत ऐकव रे."